अंदाजाचं बटण

नाही ताई, बाबांना आत घेऊ नका, आधी माझं ऐका — हो, बाहेर बसलेत ना, हसरे, येईल त्याला जागा करून देणारे, तेच. काचबिंदू आहे त्यांना, आणि फसवतात ते — डॉक्टरांना, तुम्हाला, तुमच्या या मशीनलासुद्धा. मागच्या खेपेला डोळ्यांचं प्रेशर उत्तम आलं म्हणून डॉक्टर खूश झाले ना? अहो, ड्रॉप तपासणी जवळ आली की सुरू होतात! एरवी बाटली आरशामागे. आई विचारते, घातले का? — घातले गं. कसले घातले! दुखत नाही, खुपत नाही, मग कशाला, हे यांचं शास्त्र. गेलेली नजर परत येत नाही हे डॉक्टरांनी किती वेळा सांगायचं? आणि हे कडेची नजर तपासायचं मशीन — दिवा दिसला की बटण दाबायचं, बरोबर? हे अंदाजाने दाबतात. वर घरी येऊन हसत सांगतात, "ताल सापडला की पास!" मी नापास झालो तेव्हा मात्र प्रामाणिकपणावर भाषण ठोकलं होतं.

हसू नका. हा माणूस शाळेची व्हॅन चालवतो. मागे चिल्लीपिल्ली असतात. कॉलेज काय हौसेने सोडलं मी? उनाड म्हणतात लोक — म्हणू देत — मी त्यांच्या शेजारी बसून ओरडत असतो, सायकल! बाबा, म्हातारी! ब्रेक! परवा तर — नाही, परवा माझंच लक्ष नव्हतं, कडेने आलेली ती पोरगी मला दिसलीच नाही, ब्रेक बाबांनीच दाबला. नशीब.

काय? माझी तपासणी? मला काय धाड भरलीये? वडिलांना असलं की मुलांनी — माहितीये, बाहेर भिंतीवर लिहिलंय. बरं, लावा. बघू तरी यांना काय एवढं जड जातं. हनुवटी इथे? हा डोळा झाकायचा? हं. दिसला. दिसला. हा पण. सोपं आहे की — दिसला — लहान पोरगंही — दिसला —

ताई, बंद पडलं का हो? बराच वेळ दिवाच नाही. चालू आहे?... सगळा वेळ?

मग मी आत्ता ते दोनदा दाबलं, ते नुसतं तालावर...

बाबांना सांगू नका. नाही, थांबा — पुसा ते सगळं, पहिल्यापासून लावा. आता दिसेल तेव्हाच दाबतो. आणि बोलू नका माझ्याशी.