कलेला हात लावू नये

नवरा कलाकार म्हणून मला नशीबवान म्हणता ना? मग ऐका.

आमचे हे शाळेत चित्रकला शिकवतात. त्यांना सुचलं, की कला रोजच्या जगण्यातून आली पाहिजे. आली ती थेट माझ्या स्वयंपाकघरातून. घागरी, कळश्या, बादल्या, पिंप, सगळं रिकामं करून हॉलमध्ये छतापर्यंत रचलं, तारेनं बांधलं आणि पाटी लावली, ‘सोलापूरची तहान. कृपया हात लावू नये.’

माझ्याच कळशीला मी हात लावायचा न्हाय!

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी गल्लीत ओरडा झाला, “पाणी आलं!” आपल्याकडं नळ येतो चार दिवसांआड. मी धावले, तर हे दोन्ही हात पसरून आडवे.

“एक घागर जरी काढलीस तर सगळा तोल जाईल!”

“मग पाणी कशात भरू?”

“अगं, पाणी परत येईल की. कल्पना परत येत नाही.”

शेवटी कुकर भरला आणि पिठाचा डबा मोकळा करून तो भरला. दुपारपर्यंत दोन्ही संपले.

संध्याकाळी यांचे हेडमास्तर उद्घाटनाला सात रस्ता चौकातून चालत, घामाघूम होऊन आले. बघून लई भारावले. “वा सर! नुसतं बघूनच घसा कोरडा पडला. वहिनी, जरा पाणी देता?”

हे माझ्याकडं बघायला लागले. मी पदरानं वारा घेत म्हटलं, “साहेब, घरातली सगळी भांडी तुमच्यापुढंच हायेत. एखाद्यात थेंब सापडला, तर आधी मला द्या.”