गोणीत काय हाय

पांढरकवड्याच्या स्टँडवर नागपूरची गाडी भरत होती. सत्यशीलाबाई खिडकीला टेकल्या, पण कान पुढच्या बाकाकडं गेले. तिथं एक म्हातारा बाप लेकीला बंदरावरच्या कस्टमच्या नोकरीवर पोचवायला निघाला होता.

“ट्रेनिंगात शिकवलं तरी काय, जया?”

“कागदावर एक असते अन् गोणीत दुसरंच निंघते, हे शिकवलं. परीक्षेले कापसाचा नमुना ठेवला, बा. कागदावर लिवलं होतं, वाया गेलेला कापूस, रद्दी. रद्दीवर कर कमी लागते ना.”

“मंग?”

“बाकीच्यायनं कागद वाचला. मी कापूस चिमटीत धरून ताणला, त लांब धाग्याचा निंघाला. सायेब म्हणे, कुठं शिकली? म्हटलं, बाच्या वावरात.”

“बंदरावर माणसं किती हायेत तुमची?”

“पायजेत साठ. हायेत बावीस.”

“मंग इतका माल पायते कोण?”

“आतापर्यंत कागद पाहूनच सोडत. मी खोलून पाहीन.”

“एकटी थकशील.”

“थकीन. पण खोलीन.”

“वळखीचा निंघाला त?”

“त्याचीबी खोलीन.”

कंडक्टर आला. “बाबा, ह्या गोणीत काय हाय?”

“पोरीचे कपडे हायेत.”

“तुरीची डाळ हाय, चाळीस किलो,” जया म्हणाली. “लगेजचं तिकीट फाडा.”

म्हाताऱ्यानं बंडीच्या खिशात हात घातला.

“फाड बाप्पा. कस्टमचा नाका आमच्या घरातच बसला आता.”