साखरेवर ढकललेलं दुखणं

मग तुम्हीच सांगा बाई, विश्वास ठेवावा कुणावर? — बसा ना, पंख्याखाली बसा — आधीचा हिशेबनीस देवमाणूस, पण त्याच्या मेहुण्यानं याच गल्लीत कापडाचं दुकान टाकलं आणि माझे भाव माझ्याआधी त्याला कळायला लागले. म्हणून म्हटलं, आता हिशेबाला अनोळखी माणूसच ठेवायचं, म्हणून तुम्हाला बोलावलं. मी शिकलेला नाही, चौथी नापास — पण कापड चिमटीत धरलं की सांगतो, धुतल्यावर किती आटेल. आता चिमटीवरच भिस्त. डावा डोळा गेला ना. साखरेनं नेला, दुसरं काय.

कळलं कसं नाही म्हणता? अहो, गंमत आहे. आमच्यात कापडाची वीण भिंगातून बघतात. भिंग उजव्या डोळ्याला, डावा मिटलेला — जन्माची सवय. जो डोळा कायम मिटूनच ठेवायचा तो गेला काय, राहिला काय, कळणार कसं? एकदा उजव्यात कचरा गेला म्हणून तो मिटला, तर भरदुपारी दुकानाच्या दारात अंधार. मी समोरच्या गिऱ्हाईक बाईला विचारतो, दिवे गेले का हो? ती म्हणते, शेठ, उन्हात उभे आहात, चेष्टा करता का.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आत पाहिलं. म्हणाल्या, पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्यात, काही बंद, काही फुटलेल्या, कापसाच्या बोळ्यांसारखे पांढरे ठिपके उठलेत. मी म्हटलं, जन्मभर सुती माल विकला, कापूस डोळ्यात राहणारच. हसल्या नाहीत. विचारलं, आधी कुणाला दाखवलं होतं? दाखवलं होतं की, गेल्या वर्षी, दुसऱ्या डॉक्टरांना. तेव्हा नुसते ठिपके होते, दिसत होतं झकास. त्या आधीच्या डॉक्टरांनी विचारलं, साखर आहे? मी म्हटलं, आहे. साखर म्हटली की लोक खुर्ची पुढे करतात, तुमच्या घराण्यात होती का म्हणून चौकशी करतात. दुसरं नाव घेतलं असतं तर — सरकारी दवाखान्यात त्या दुखण्याच्या गोळ्या मिळतात, त्या खिडकीशी एकदा आमच्याच गल्लीतला शिंपी रांगेत दिसला, तोही बिचारा त्याच गोळ्यांसाठी आलेला, पण मी तोंड फिरवलं आणि पुन्हा त्या रांगेत गेलोच नाही. गोळ्या सुटल्या. ठिपक्यांनी नजर गेली नाही हो, ठिपके म्हणजे नुसती धोक्याची सूचना. अंगातली ताकद सरली तसा दुसराच जंतू शिरला आणि पडदा खाऊन गेला.

खुर्ची सरकवलीत ना? डाव्या अंगाला बसलायत म्हणून दिसलं नाही, पण ऐकू येतं मला. असू द्या. एवढं बोललोच आहे तर नावही घेतो — एचआयव्ही. शेजारी बसल्यानं होत नाही, माझं पेन हातात घेतल्यानं होत नाही. मुलीला मात्र सांगितलेलं नाही. ती अजून साखरच समजते. फोनवर बजावते, बाबा, गोड खाऊ नका. मीही खात नाही.

आता उजव्यातही ठिपके आलेत. गोळ्या परत सुरू केल्यात, रांगेत उभा राहतो. डॉक्टरीणबाई म्हणतात, हा कदाचित वाचेल. कदाचितवर मी कधी माल उचलला नाही, पण दुसरं गोदाम कुठे आहे माझ्याकडे?

निघालात? दाराशी पायरी आहे, जपून. कामावर यायचं नसेल तर तसं सांगा, घर लांब पडतं वगैरे नको. आणि बाहेर कुणी विचारलं तर — नाही, राहू द्या, तसलं वचन मागत नाही. आलात तर एवढंच करा, हिशेब खरा ठेवा. मला न रुचणारा आकडाही जसा असेल तसाच वाचून दाखवा.