पाहुण्याचं पाणी

आजच्या समारंभाचे माननीय अध्यक्ष, प्राचार्य महोदय, विद्यापीठातून एवढा खडबडीत रस्ता सोसून आलेले प्रमुख पाहुणे, माझ्या दोन्ही बाजूंना बसलेले माझे सहकारी, बंधुभगिनींनो, आणि मागच्या रांगेत बसून स्वयंपाकाच्या वासाकडे लक्ष ठेवणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

आज आपण एका दगडात दोन कार्यक्रम उरकत आहात. मला निरोप देत आहात आणि आम्हा तिघांच्या संशोधनाला विद्यापीठाची मान्यता मिळाली म्हणून सत्कारही करत आहात. भूगर्भशास्त्राचे वामनराव पिंपळशेंडे यांनी खडक अभ्यासले, मराठीच्या इंदुताईंनी बायकांची गाणी गोळा केली आणि मी, बापूराव रामटेके, पाणी तपासलं. खडक, गाणी आणि पाणी! आमच्या स्टाफरूममध्ये या तिघांचा संबंध फक्त चहापुरता, असं सगळेच समजत होते. मीही समजत होतो.

पोंभुर्ण्यापलीकडे एक गाव आहे. नाव सांगत नाही, तिथल्या मुलींची लग्नं व्हायची आहेत. त्या गावात पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे आणि काहींचे पाय गुडघ्यातून वाकलेले. तिथल्या सुगंधाबाईंची थोरली मुलगी कमळा तशीच चालायची. धाकटी नुकतीच भिंत धरून उभी राहायला लागली होती. "हिचे तरी पाय सरळ राह्यतीन का, भाऊ?" असं त्यांनी मला विचारलं.

मला बोरिंगच्या पाण्याचा संशय होता. मी बाटल्या घेऊन हापशीकडे निघालो, तर सुगंधाबाईंनी त्या हातातून काढूनच घेतल्या. "पावना का बोरिंग हापसते? बस्सा तुमी. आमी पेतो थेच पानी भरून देतो."

सभ्य गृहस्थहो, मी हट्ट का धरला नाही? माझी आई विहिरीपासून लांब घागर ठेवून, कुणीतरी वरून ओतेल म्हणून उन्हात उभी राहिलेली मी पाहिली आहे. आणि इथे एक कुणब्याची बाई मला ओसरीवर बसवून, घरच्या लोट्यातून पाणी पाजून म्हणत होती, तुम्ही बसा, मी भरते. मी बसलो.

बाटल्या आल्या. मी पाणी तपासलं. उत्तम पाणी! पुन्हा गेलो, पुन्हा तसाच मान, पुन्हा उत्तम पाणी. मग पोरांचे पाय वाकतात कशाने? बोरिंगचं पाणी निर्दोष असल्याचा अहवाल मी टाइप करून घेतला. तो गेला असता, तर त्या बोरिंगकडे पुन्हा कुणी वळूनही पाहिलं नसतं.

तेवढ्यात इंदुताई त्याच गावातून गाणी घेऊन आल्या. चहा पिता पिता हसत सांगू लागल्या, "सर, तुमचं भारीच कौतुक आहे हो तिकडे! सुगंधाबाई म्हणत होती, सायबाले बोरिंगचं पानी काऊन देऊ? थे खारट. पावना हाये ना थो! पेतो थेच म्हनलं, पन लांब नदीवर जाऊन गोड पानी आनलं अन् शिशा भरून देल्ल्या."

माझा चहा बशीतच राहिला. अहवाल टेबलाच्या खणात गेला आणि मी दुसऱ्या दिवशी बसमध्ये.

"बाई," मी म्हणालो, "आज मले पावना नोका समजू. घरचा समजा. कमळा पेते थे पानी द्या."

त्यांनी पदराने डोळे पुसले आणि स्वतः बोरिंग हापसलं. त्या पाण्यात दात-हाडं बिघडवणारं फ्लोराइड इतकं निघालं, की मी वामनरावांना खडकांवरून उठवून थेट गावात नेलं. त्यांनी नाल्याकाठी वेगळ्या खडकातली जागा दाखवली. गावाने विहीर खणली. तिचंही पाणी मी तपासलं, यावेळी स्वतः शेंदून!

कमळाचे पाय आता सरळ होणार नाहीत. हे दुःख माझ्याबरोबर निवृत्त होईल. पण धाकटी अंगणात धावते. आज ती आईबरोबर एस.टी.ने आली आहे, मघापासून या खुर्च्यांमधून तिची पळापळ चालली आहे. तिला कुणी रागावू नका, एवढी विनंती आहे.

इंदुताई, वामनराव, मी तुमचा ऋणी आहे. महाविद्यालयाचा ऋणी आहे. सुगंधाबाई, तुमच्या मानाने माझं शास्त्र फसलं, तरी तो मान मी जन्मभर जपेन.

मघाशी सुगंधाबाईंनी पाण्याने भरलेला हा गडवा माझ्यासमोर ठेवला. सवयीप्रमाणे मी विचारलं, कुठलं पाणी? म्हणाल्या, "नव्या हिरीचं. आता घरी बी हेच, पावन्याले बी हेच."

बोलण्यात कुणाचा उल्लेख राहिला असेल, कुठे अधिक-उणं झालं असेल, तर जाणाऱ्या माणसाचं म्हणून पोटात घाला. नोकरीभर मी न तपासता शेरा दिला नाही. हे पाणी मात्र आज तसंच पितो, आणि तुमची रजा घेतो.