चारही पायांना नाल

अहो भाऊ, टायरला लाथ नका मारू — लाथेनं टायर कळत असतं तर माझं निम्मं आयुष्य चिखलात उकिडवं बसून गेलं नसतं. बघा की, गाडी बघायलाच आलाय तुम्ही — आमच्या जावयांच्या, अनुपरावांच्या ऑफिसातले उज्ज्वल ना? — त्यांनी फोनवर बजावलंय मला, आई, मी बॉनला आहे, तुम्ही फक्त गॅरेजचं दार उघडा, बोलू नका काही. दार उघडलंय. बोलू नका म्हणे. मला.

दोन सीटं, लालभडक, मागच्या चाकांच्या जोरावर पळणारी — हर्षीनं स्वतःच्या पगारातनं घेतली, इथं जर्मनांच्या कारखान्यात इंजिनं तपासते माझी पोरगी. गेल्या जानेवारीत बर्फ पडलं, आणि हा समोरचा उतार बेकरीपाशी वळतो ना, तिथं तिनं स्टिअरिंग वळवलं नि गाडी वळलीच नाही. सरळ गेली बेकरीच्या कुंपणात. लागलं? छे, लागलं नाही. कुंपण मोडलं, एक दिवा फुटला — दिवा नवा बसवला, पण पोरीची हिंमत मोडली ती मोडलीच. मलाच चालवता येत नाही म्हणते. तेव्हापासनं गाडी इथनं हलली नाही. विकायची जाहिरातही तिनंच टाकली, जावयांनी नाही.

आता बसा असे खाली. बसा हो, पँट धुता येते. हे चार आकडे दिसतात? मी चौथी शिकले, पण टायर वाचता येतं मला — शिरूरच्या रस्त्याला आमचं पंक्चरचं दुकान होतं, यादवराव, म्हणजे आमचे मालक, जॅक लावायचे नि टायर मी उतरवायची. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन साल. मागच्या टायरवर काय लिहिलंय? चाळीस, चौदा. गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरातलं, कोवळं. आता पुढं या. अडतीस, शून्य सात. आठ वर्षांचं म्हातारं. नख रुतवा — रुतत नाही ना? पाटा झालाय त्याचा. नक्षी खोल आहे, विंटर टायर लिहिलंय, कायद्यात बसतंय, पण बर्फ धरायला मऊ रबर लागतं, कायदा नाही. जावयांचं डोकं असं चाललं — इंजिनाचा जोर मागं, मग नवी टायरं मागंच पुरेत, पुढची गाडीच्या आधीच्या मालकाचीच राहू द्यात. कॉम्प्युटरवाला माणूस. अहो, बैलाच्या मागच्या पायांना नाल ठोकून पुढचे तसेच सोडतात का? वळायचं कुणी, थांबायचं कुणी?

काल बसल्या बसल्या गाडी पुसायला खाली आले, नि हे वाचलं. मग गाडीचे कागद घेतले नि उतरले खालच्या टायरवाल्याकडं. त्यानं आधी रुंद दाखवलं — दिसायला झकास, असल्या गाडीला शोभणारं. मी म्हटलं, नाईन, नाही म्हणजे नाही. रुंद टायर बर्फावर तरंगतं, आमच्याकडं चिखलावर तरंगायचं तसं. मग त्यानं कागदातल्या मापाचं बारीक आणलं, अंगभर बर्फासाठी कोरलेल्या चिरा, नख लावलं तर रुतणारं. मी वास घेतला. तो हसला, मग त्यानंही घेतला. त्स्वाय? म्हणाला, दोन? मी चार बोटं त्याच्या नाकापुढं धरली. गेनाऊ, म्हणाला, बरोब्बर. शहाणा माणूस.

पण जावयाला एकट्याला कशाला नावं ठेवू. ते निदान समजूत काढत बसले तिची. मी काय केलं? पोरीचा रडत फोन आला, नि मी गावाकडनं म्हटलं, बाईमाणसानं कशाला असल्या गाड्या, विकून टाक. मी म्हटलं हे. जिनं चाळीस गावच्या ट्रॅक्टरांची चाकं उघडली नि एकाचंही स्टिअरिंग धरलं नाही, कारण सासूबाईंनी मला हेच — जाऊ द्या. हे तुम्हाला सांगायचं नव्हतं.

सकाळी तिला सांगितलं. चहा गाळत होती. म्हटलं, "हर्षे, तुझा हात नव्हता चुकला. टायर म्हातारं होतं. आणि तुझी आई मूर्ख होती." गाळणं तसंच ठेवलं, आत गेली. मग पलंगाखालनं बूट ओढल्याचा आवाज आला — तिचे गाडी चालवायचे, पातळ तळव्याचे. धूळ झटकायला खिडकी उघडली तिनं.

आल्झो, तर मग, टायरवाल्याकडं अकराचं टर्मिन आहे, वेळ घेतलीय. रस्ता कोरडा आहे, बर्फ पुढच्या आठवड्यात. तुम्ही भले वाटता हो, गाडी चांगल्या घरी पडली असती, पण आता नाही विकायची. जावई? त्यांना मी बघते, बॉनहून येऊ द्यात. गप्प — पावलं वाजली जिन्यावर. आलीच ती. चेहऱ्याकडं बघू नका तिच्या, घाबरलेली असेल. तुम्हाला स्टेशनापर्यंत सोडलं असतं, पण सीटं दोनच. एक तिची, एक माझी. एस-बानला पायीच जा, उतारच आहे. नि सरका आता दारातनं.