मागच्या जिन्याचं कुलूप

मालकीणबाई: तो जबाब पुन्हा वाच.

मुलगा: आई, दोनदा वाचलं ना. अग्निशमनचे अधिकारी वरून खाली येतील इतक्यात.

मालकीणबाई: येऊ देत. त्या बाईपासून पुढचं वाच.

मुलगा: “हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावरील मागच्या जिन्याच्या दाराला, खोल्या आवरणाऱ्या बाईंनी मालकांना न विचारता परस्पर कुलूप लावले होते.” बास. एवढंच तर आहे.

मालकीणबाई: एवढंच? लिहिताना हात नाही अडखळला तुझा? मी दिवसभर खाली गल्ल्यावर अडकलेली असायचे, तेव्हा शाळेतून आल्यावर तुला जेवायला कोण वाढायचं रे?

मुलगा: ते आता कशाला काढतेस? काल दुपारी चादरींच्या खोलीत इस्त्री चालू राहिली, आग लागली, सात गिऱ्हाइकं धुरात अडकली. हे कुणाच्या तरी गळ्यात पडणारच. परवाना तुझ्या नावावर आहे. तुझ्या गळ्यात पडू नये म्हणून सकाळपासून डोकं शिणवतोय मी.

मालकीणबाई: आणि सापडली कोण? जिनं त्या सातांना बाहेर काढलं तीच!

मुलगा: तिला काही होणार नाही. मी बघेन तिचं.

मालकीणबाई: तू बघणार! कोपरापर्यंत भाजलेले दोन्ही हात बांधलेत तिचे. चमचा धरता येत नाही. मघाशी दवाखान्यात गेले, तर मलाच विचारते, “वहिनी, चादरी किती वाचल्या?” तोंड कुठं लपवू असं झालं मला. आणि तू इथं बसून तिच्या नावानं कागद रंगवतोस!

मुलगा: मग काय लिहू? किल्ली माझ्या आईच्या कमरेला होती आणि ती दातांच्या डॉक्टरपुढं तोंड वासून बसली होती, असं लिहू?

मालकीणबाई: हो, अस्संच लिही! आणि त्याच्याखाली हेही लिही, की तिनं भिंतीवरचा आग विझवायचा लाल सिलिंडर काढला, पिन ओढली, तर आतून नुसतं फुस्स! दोन वर्षांपूर्वीच मुदत संपलेला. त्याच्यावर नव्या तारखेची चिठ्ठी कोणी डकवली?

मुलगा: भरायला न्यायचे राहून गेले.

मालकीणबाई: चिठ्ठ्या छापून आणायला बरी सवड मिळाली! मेल्या, त्या सिलिंडरचा एकच उपयोग झाला. तिनं तो उचलून कुलपावर घातला. नऊ घाव लागले म्हणे.

मुलगा: हळू बोल. ते आले.

(अग्निशमन अधिकारी जिना उतरून येतात. हातातल्या पिशवीत चेपलेलं कुलूप.)

अधिकारी: आजी, जरा—

मालकीणबाई: आजी तुमच्या घरी. इथं मालकीण म्हणा.

अधिकारी: बरं. मग मालकिणीलाच विचारतो. हे कुलूप कोणी लावलं?

मुलगा: साहेब, आम्ही जबाब लिहूनच ठेवलाय, हा—

मालकीणबाई: तू गप. मी लावलं. अकरा वर्षं लावतेय. त्या जिन्यानं लोकांनी उशा नेल्या, पडदे नेले, एकानं तर आरसा नेला. तुम्ही आला होतात का चोर धरायला?

अधिकारी: चोर धरणं आमचं काम नाही.

मालकीणबाई: मग मी काय दार सताड उघडं टाकून बसायचं होतं?

अधिकारी: बाहेरून खुशाल बंद ठेवा. आतून मात्र नुसतं ढकललं की उघडलं पाहिजे. किल्ली नको, कुणाला विचारणं नको. तसा दांडा बसवून मिळतो दाराला. मागच्या तपासणीत हे लेखी दिलं होतं मी. सिलिंडर वेळेवर भरा, धुराची घंटा चालू ठेवा, आग लागली तर काय करायचं ते कामाच्या माणसांना शिकवा. सगळं दिलं होतं.

मालकीणबाई: ह्यानं मला सांगितलं, नेहमीचाच कागद आहे.

मुलगा: आई, तू तरी कुठं ऐकलं असतंस? कुलपाला हात लावू द्यायचीस का कुणाला?

मालकीणबाई: नसतं ऐकलं. ते खरं आहे तुझं.

अधिकारी: तुमचं भांडण तुम्ही मिटवा. नियमाप्रमाणे जबाबदारी मालकाची, नोकराची नाही. शेवटचं गिऱ्हाईक निघालं तेव्हा धूर गुडघ्यापर्यंत उतरला होता. अजून दोन मिनिटं गेली असती, तर आज सात मृतदेहांचे पंचनामे करत असतो मी.

मालकीणबाई: सात नाही. आठ. त्यांना टाकून ती निघाली नसती.

मुलगा: आई, हॉटेल बंद करतील. तुला कोर्टात उभं करतील. ह्या वयात!

मालकीणबाई: वयाचं मी बघते. तू तो कागद फाड. आणि सिलिंडरच्या चिठ्ठ्यांचं तुझ्या तोंडानं सांग साहेबांना. मी सांगितलं तर जास्त लागेल तुला.

मुलगा: …सांगतो.

अधिकारी: आधी तुमचा जबाब लिहून घेतो, मालकीणबाई. वाचून दाखवेन. खाली अंगठा दिलात तरी चालेल.

मालकीणबाई: अंगठा कशाला? सही येते मला. वेळ लागतो, एवढंच.