क्लीओफसचा रुमाल

(मेम्फिसमधल्या एका चर्चचं तळघर. वर, सभागृहात, शवपेटीत क्लीओफस टॉलिव्हर. खाली त्याची तीन भावंडं, वाद्यांसकट : थोरली ओडेसा, गाणारी, मधला ल्यूशस, बास गिटारवाला, आणि शेंडेफळ रोझेटा, ड्रमवर.)

रोझेटा : तू का थांबलास?

ल्यूशस : मी कुठे थांबलो? बोटं चालूच आहेत, बघ. आवाज गेला.

ओडेसा : वायर मी उपटली.

ल्यूशस : ताई, वाजवणाऱ्याची वायर उपटतात का? शॉक बसला असता म्हणजे? वर एकाचीच सोय केलीय.

ओडेसा : मग काय करू? शेवटचं कडवं किती वेळा गायचं माणसानं? आता तर मला त्या गाण्यातल्या बाईचाच राग यायला लागला. गेला तर गेला तो. दार उघडं टाकून रडत काय बसलीयस? थंडी आत येते.

रोझेटा : मी तुझ्याकडे बघत होते. संपव म्हणून.

ओडेसा : आणि मी ल्यूशसकडे बघत होते.

रोझेटा : डोळे तर मिटले होतेस.

ओडेसा : थोरल्या बहिणीला दिसतं.

ल्यूशस : मी आपला क्लीओच्या त्या रिकाम्या ऑर्गनकडे बघत होतो. सवय.

ओडेसा : म्हणजे जन्मभर हे एकच गाणं वाजवून आपल्यापैकी एकालाही ते संपवता येत नाही?

रोझेटा : संपवणं क्लीओकडे होतं ना. गाडी बाबांकडे, कपडे तुझ्याकडे, संपवणं क्लीओकडे.

ल्यूशस : माझ्याकडे काय होतं?

रोझेटा : भूक.

ओडेसा : रेकॉर्ड लावून ऐकू या का? त्यावर कसं संपतं?

ल्यूशस : त्यावर नाही संपत. स्टुडिओतल्या माणसानं आवाज बारीक बारीक करत नेलाय. आपण वाजवतच होतो. तो दिवे घालवून घरी गेला, तरी वाजवत होतो. आठवत नाही? मग क्लीओलाच दया आली.

ओडेसा : इथे दया कोण करणार? पास्टरनी चार मिनिटं दिलीत. आपल्यामागून लग्न आहे.

रोझेटा : नवरीची आजी मघाशीच येऊन खुर्च्या मोजून गेली. फुलं इथेच सोडाल का, विचारत होती.

ल्यूशस : मग तू काय म्हणालीस?

रोझेटा : म्हटलं, क्लीओला विचारून सांगते.

ओडेसा : रोझेटा!

रोझेटा : ती थांबली ना उत्तरासाठी.

ल्यूशस : कोंबडी तळतायत वाटतं स्वयंपाकघरात. क्लीओ असता तर आत्तापर्यंत दोन तंगड्या उडवून आला असता. एक स्वतःची, एक येशूची.

ओडेसा : त्याला आईच जबाबदार. चार पोरं आणि बँडचं नाव काय तर ‘टॉलिव्हर फाइव्ह’. पाचवा प्रभू येशू म्हणे.

रोझेटा : जाऊ तिथे लोक पाच ताटं मांडायचे बिचारे. आणि पाचव्यापुढे बसून क्लीओ म्हणायचा, प्रभू उपवास करतायत, मी त्यांना मदत करतो.

ल्यूशस : मी एकदा मागितलं होतं ते ताट. तर म्हणाला, तुझी श्रद्धा कमी पडते.

ओडेसा : पुरे. कामाचं बोला. तो संपवायचा कसा? नीट आठवून सांगा.

रोझेटा : रुमालानं. तो पिवळा रेशमी. घाम पुसायचा, मान पुसायचा, मग ऑर्गनची कड पुसायचा, आणि कोटाच्या वरच्या खिशात घालायचा. पूर्ण आत गेला की संपलं.

ल्यूशस : आणि टोक बाहेर राहिलं तर नाही संपलं.

रोझेटा : हो. तेव्हा नुसतं थांबायचं. लोक टाळ्या वाजवायचे, उठायचे, आणि हा टोक धरून रुमाल सटकन ओढायचा की आपण परत सुरू.

ल्यूशस : टुपेलोत लोकांनी तीनदा कोट घातले आणि तीनदा काढले. एक म्हातारा तर पार गाडीपर्यंत जाऊन पळत परत आला.

ओडेसा : ते बाबा होते. गाडी सुरू करायला गेले होते.

रोझेटा : मग सोपं आहे. कुणीतरी रुमाल खिशात घालायचा. हा घे पेपर नॅपकिन. बघ, घातला. थांबशील?

ल्यूशस : नाही गं. नॅपकिनला माझी बोटं जुमानत नाहीत. खरा रुमाल पाहिजे.

रोझेटा : मग तोच आणू. वर त्याच्या खिशातच असेल.

ल्यूशस : नाहीये. खिसा रिकामाय. तो अंत्यविधीवाला ग्रिग्ज मला दोनदा विचारून गेला. वहिनी म्हणते, काल ताईकडे दिलाय.

रोझेटा : ताई?

ओडेसा : इस्त्री करायचीय अजून.

रोझेटा : पर्समध्ये?

ओडेसा : घडी मोडली होती जरा.

ल्यूशस : ताई, ती पर्स तू सकाळपासून काखेत धरून बसलीयस. गातानासुद्धा.

ओडेसा : धरीन नाही तर काय! तुम्हाला काय होतंय बोलायला? त्याच्याजवळ उभं राहून, त्याचा रुमाल, त्याच्या खिशात मी घालायचा. आत गेला की संपलं. आत्ताच म्हणालात ना दोघं? ते मी करायचं? लहानपणी त्याच्या शर्टाची बटणं मी लावायचे. तेवढं पुरे झालं.

रोझेटा : बरं. रडू नकोस. तुझी पावडर वाहून कॉलरवर आली, तर नवरीची आजी म्हणेल चुना पडतोय.

ओडेसा : रडत नाहीये.

ल्यूशस : ताई.

ओडेसा : काय?

ल्यूशस : टोक बाहेर ठेव.

ओडेसा : ...चालेल तसं?

ल्यूशस : शोभून दिसेल. त्या ग्रिग्जलाही वाटेल, फॅशन आहे.

रोझेटा : अरे, पण टोक बाहेर राहिलं तर ते संपणं नव्हे. तेव्हा आपण नुसतं थांबतो. परत सुरू करायचं असतं ते त्यानं.

ओडेसा : मग थांबू की. त्याची वाट बघत उभं राहायची सवय आहेच आपल्याला.

ल्यूशस : पण किती वेळ?

ओडेसा : नवरीची आजी येईपर्यंत.